दोन जिवांचे अन्न आणि लपविलेले दुखणे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील महिला-सत्रात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या सत्रात 'आरोग्य' या विषयावर काही बोलावे, अशी सूचना चिटणिसांकडून आली, याबद्दल आम्ही संस्थेचे आभारी आहो. आरोग्य हा विषय फार विस्तृत आहे. तासाभरात त्याचा आवाका घेणे शक्य नाही. यास्तव त्यातील एकच प्रश्न आम्ही आज आपणांपुढे ठेवणार आहो. ज्या स्त्रीस पोटाचे जुने दुखणे आहे, तिला दिवस गेले असता तिने काय खावे, कोणते त्रास सोसू नयेत, आणि घरच्या मंडळींनी तिच्यासाठी काय करावे, एवढाच तो प्रश्न होय. सत्र महिलांचे असले तरी समोर पुरुषवर्गही बसला आहे, हे पाहून संतोष वाटतो. कारण जे सांगावयाचे आहे त्यातील निम्मे त्यांच्याचसाठी आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गर्भारपणात पोटाची थोडीफार कुरकुर बहुतेक स्त्रियांना होते, व ती रोग नव्हे. या काळात प्रोजेस्टेरॉन नावाचे जे संप्रेरक शरीरात वाढते, त्याने आतड्यांची हालचाल मंदावते. म्हणून मलावरोध होतो. त्याच संप्रेरकाने अन्ननलिका व जठर यांच्यामधील झडप सैल पडते, आणि पुढे वाढत्या गर्भाशयाचा दाब जठरावर येतो. म्हणून छातीत जळजळ होते, आंबट ढेकरा येतात. थोडे थोडे व वारंवार खाणे, जेवल्याबरोबर न निजणे, उशाकडची बाजू उंच करून डाव्या कुशीवर झोपणे, भरपूर पाणी पिणे, आणि मलावरोधास इसबगोल घेणे, एवढ्या उपायांनी पुष्कळांस आराम पडतो. मात्र जळजळ झाली की खाण्याचा सोडा, पोट साफ होत नाही की एरंडेल किंवा सोनामुखीचे चूर्ण, अशी घरगुती घाई करू नये. साधी आम्लनाशक औषधेही डॉक्टरांस विचारून घ्यावीत, आणि ती व लोहाची गोळी यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. नाहीतर लोह अंगी लागत नाही.

ओकाऱ्यांचेही तसेच आहे. शंभरातील सुमारे सत्तर ते ऐंशी गर्भवतींना मळमळ किंवा वांत्या होतात. बहुतेकींचा त्रास पाचव्या महिन्यापर्यंत शमतो. परंतु शंभरात एक ते तीन स्त्रियांना वांत्यांचा असा प्रकोप होतो की, पाण्याचा घोटही पोटात ठरत नाही आणि वजन भराभर घटते. अशा सुनेस 'आम्हालाही झाले होते, एवढे काय त्यात?' असे ऐकविण्याची चाल अनेक घरांत आहे. 'मनाचे खेळ आहेत' असेही म्हटले जाते. हे म्हणणे आता टाकून दिले पाहिजे. केंब्रिज येथील स्टीफन ओ'राहिली आणि अमेरिकेतील मार्लेना फेझो व त्यांचे सहकारी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवून दिले की, गर्भ व वार यांतून येणारे 'जीडीएफ-१५' नावाचे एक संप्रेरक या वांत्यांच्या मुळाशी आहे. आणि गर्भारपणापूर्वी ज्या स्त्रीच्या रक्तात ते कमी असते, तिला त्याची बाधा अधिक होते. म्हणजे दोष तिच्या मनाचा नाही, स्वभावाचाही नाही. यावर गर्भवतीस चालणारी औषधे आहेत. ब-६ जीवनसत्त्व व डॉक्सिलॅमिन यांची गोळी ही त्यांपैकी एक.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. वांत्या दोन-तीन आठवडे चालू राहिल्या की शरीरातील ब-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा, साठा संपत येतो. अशा वेळी नुसते ग्लुकोजचे सलाईन चढविल्यास उरलासुरला साठाही खर्ची पडून मेंदूस इजा होण्याचा धोका असतो. म्हणून थायमिन आधी द्यावयाचे, हा आता वैद्यकातील सर्वमान्य नियम आहे. 'इतके दिवस हिच्या पोटात काही ठरत नाही. थायमिन दिले आहे ना?' असे नातलगांनी नम्रपणे विचारले, तर कोणताही सुज्ञ डॉक्टर रागावणार नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. ज्यांचे दुखणे गर्भारपणाने आलेले नसून आधीपासूनचे आहे, अशा स्त्रियांचा प्रश्न अधिक बिकट असतो. मोठ्या आतड्यास व्रण पडून आव-रक्त जाणे, आतड्यांच्या दाहाचा क्रोन नावाचा विकार, गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सीलिएक रोग, आणि आपल्या देशात विसरता न येणारा आतड्यांचा क्षय, हे सर्व पोटदुखी, जुलाब आणि खंगणे याच रूपाने दिसतात. पूर्वी यांतील पुष्कळांस 'संग्रहणी' या एकाच नावाने ओळखीत. आज त्यांचे निदान वेगवेगळे होते व उपचारही वेगवेगळे आहेत. तथापि एक गोष्ट सर्वांत समान आहे: अन्न ताटात असले तरी आतडे ते नीट शोषून घेत नाही, आणि पोटात वाढणाऱ्या जिवाचा सारा भार तर त्या आतड्यावरच असतो.

परंतु भगिनींनो, या रोगांहूनही कठीण असा एक अडथळा आम्ही आमच्या व्यवसायात पाहतो, आणि तो आतड्यात नसून समाजात आहे. मुलीला पोटाचा जुना विकार आहे ही गोष्ट लग्न जुळविताना लपविली जाते. आईबाप म्हणतात, 'कळले तर स्थळ जाईल.' मग मुलगी सासरी येते ती औषधाची डबी पेटीच्या तळाशी घालून. कोणी पाहील म्हणून गोळी चुकते. तपासणीला जावयाचे तर कारण काय सांगावे, म्हणून तपासणी चुकते. समारंभात समोर येईल ते 'नको' न म्हणता खावे लागते, आणि रात्री पोट धरून बसावे लागते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि दिवस गेल्याचे कळताच 'बाळाला अपाय नको' अशा भीतीने उरलेले औषधही ती आपल्या विचाराने बंद करते. ज्या क्षणी तिला अधिक आधार हवा, नेमक्या त्याच क्षणी ती निराधार होते.

या भीतीविषयी वैद्यकाचे म्हणणे स्पष्ट आहे. आतड्यांच्या दाहाच्या विकारांत गर्भास खरा धोका असतो तो भडकलेल्या रोगाचा. योग्य औषधाचा नव्हे. रोग निदान तीन ते सहा महिने शांत असताना गर्भ राहिला, तर बहुतेकींचे गर्भारपण सुखरूप पार पडते. रोग भडकलेला असताना गर्भ राहिला, तर सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांत तो तसाच राहतो किंवा बळावतो. आणि मग अपुऱ्या दिवसांचे व कमी वजनाचे मूल होण्याचा संभव वाढतो. मेसालामाइन, अझाथायोप्रिन यांसारखी नेहमीची औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू ठेवता येतात. सल्फासॅलाझिन चालू असल्यास फॉलिक आम्ल अधिक प्रमाणात घ्यावे लागते. उलट मेथोट्रेक्सेट हे औषध मात्र गर्भास घातक असून ते गर्भधारणेच्या काही महिने आधीच सोडावे लागते. कोणते ठेवावे आणि कोणते सोडावे, हा निर्णय दिवस जाण्यापूर्वी डॉक्टरांसमोर बसून, पतिपत्नींनी मिळून करावयाचा आहे. जिला आपले दुखणे पतीपासूनच लपवावे लागते, ती हा निर्णय कसा करणार?

सीलिएक रोगाचे उदाहरण थोडे विस्ताराने सांगतो. कारण त्यात औषध जवळजवळ नाहीच, सारा उपचार स्वयंपाकघरात आहे. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हे दाखवून दिले की, गहू बंद केला असता या रोगाची मुले सुधारतात. त्यांच्या देशात १९४४-४५ च्या हिवाळ्यात पडलेल्या धान्यटंचाईने त्यांच्या विचारास पुष्टी मिळाली. हा रोग ओळखला गेला नाही, तर गर्भपात व अशक्त मूल यांचा संभव वाढतो; गहू पूर्ण सोडला की तो कमी होतो. आता महाराष्ट्रीय घरास यात घाबरण्यासारखे काय आहे? ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ ही तर आपली पिढीजात धान्ये. भाकरी, आंबोळी, घावन, उकडीचे मोदक यांत गहू नाही. मात्र छुपा गहू ओळखता आला पाहिजे. थालिपिठाच्या भाजणीत गहू असतो. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. रवा, मैदा, शेवया या तर गव्हाच्याच. आणि जव किंवा सातूही वर्ज्य. गिरणीत गव्हावर दळलेले ज्वारीचे पीठ चालत नाही. धान्य घरच्या चक्कीवर वेगळे दळावे, आणि पोळपाट-लाटणेही वेगळे ठेवावे. आणखी एक सूचना अशी की, केवळ संशयावरून आधी गहू सोडू नये. आधी रक्ताची तपासणी करावी. गहू सोडल्यावर तपासणीत रोग दिसत नाही.

आता पोषणाचा विचार करू. गर्भवतीच्या अन्नाचा शास्त्रीय विचार आपणांस परका नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात महिन्यागणिक आहार सांगितला असून त्याचा आरंभ दुधासारख्या हलक्या, पातळ अन्नाने होतो. आधुनिक काळातील एक मोठा शोध तर आपल्या मुंबईशीच निगडित आहे. लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाई १९२८ साली भारतात आल्या, आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून गर्भवती गरीब स्त्रियांत आढळणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. त्या स्त्रियांचा निकस आहार हे त्याचे कारण असावे, असे ध्यानी घेऊन त्यांनी यीस्टचा स्वस्त अर्क, म्हणजे मार्माइट, देऊन पाहिला, आणि स्त्रिया बऱ्या झाल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेलेले जीवनसत्त्व. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले, आणि 'पान' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास नाव मिळाले. पुढे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगाने सिद्ध झाले की, गर्भधारणेच्या आधीपासून ते घेतल्यास मुलाच्या पाठीच्या कण्यातील व मेंदूतील जन्मजात दोष बव्हंशी टळतात. म्हणून ही गोळी दिवस गेल्यावर नव्हे, तर मूल हवे असे ठरल्यापासून सुरू करावी.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी गर्भवतींच्या आहाराचा जो दीर्घ अभ्यास चालविला, त्यात असे आढळले की, ज्या माता पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेत, त्यांची मुले जन्मतः अधिक भरलेली असत. त्याच अभ्यासात ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळ मातांत दिसली. आपल्यातील शाकाहारी कुटुंबांनी हे विशेष लक्षात घ्यावे. ज्यांच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग रोगाने बिघडला आहे, किंवा जे वर्षानुवर्षे आम्लपित्ताच्या गोळ्या घेतात, त्यांना ही उणीव अधिक जाणवते. तिची तपासणी सांगून करून घ्यावी. उणीव असल्यास गोळी वा इंजेक्शन यांनी ती भरून निघते.

किती खावे? 'दोन जिवांसाठी दुप्पट' हा हिशेब बरोबर नाही, आणि 'कमी खाल्ले म्हणजे मूल लहान व बाळंतपण सोपे' ही काही घरांत ऐकू येणारी समजूत तर घातक आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या प्रमाणानुसार गर्भवतीस रोज सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात. प्रथिने दुसऱ्या तिमाहीत साडेनऊ ग्रॅम व तिसऱ्या तिमाहीत बावीस ग्रॅम अधिक लागतात. एक भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर ताक यांनी उष्मांकांचा हा वाढावा जवळजवळ भरून निघतो. पोट नाजूक असेल तर अन्न एका बैठकीस न देता दिवसातून सहा वेळा विभागून द्यावे. दूध सोसत नसेल त्यांनी दही-ताक घ्यावे, नाचणीचे सत्त्व घ्यावे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आतड्याचा दाह भडकलेला असताना कच्च्या कोशिंबिरी व कोंड्याचे पदार्थ बाजूला ठेवून मऊ भात, मुगाचे वरण, शिजवून घोटलेल्या भाज्या, चालत असल्यास अंडे, असे द्यावे. मात्र दुखणे शमल्यावर नेहमीचा आहार पुन्हा सुरू करावा. एकदा वर्ज्य केलेला पदार्थ जन्मभर वर्ज्य, या सवयीनेच अनेक रुग्ण खंगतात.

लोहाच्या गोळीविषयीही दोन शब्द. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील गर्भवतींपैकी ५२.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. सरकारी योजनेत चौथ्या महिन्यापासून रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल निदान १८० दिवस देतात, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. तिने पोट बिघडते म्हणून पुष्कळ जणी ती गुपचूप फेकून देतात. फेकू नये, सांगावे. गोळी जेवणानंतर किंवा झोपताना घेऊन पाहावी, वर लिंबू-सरबत घ्यावे, चहा व कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर घेऊ नये. शौचास काळे होते ते गोळीमुळे. त्यास भिऊ नये. तरीही सोसत नसेल तर दुसऱ्या तिमाहीपासून शिरेतून लोह देण्याची सोय आहे.

आता घरच्या मंडळींकडे वळतो. आपल्याकडे सर्वांची पाने उठल्यावर सुनेने बसावयाचे, ही चाल पुष्कळ घरांत मोडली असली तरी अद्याप नाहीशी झालेली नाही. जिला जळजळ होते, तिने दुपारी दोनपर्यंत उपाशी राहून मग उरलेसुरले गार अन्न खावे, ही व्यवस्थाच रोगास आमंत्रण देणारी आहे. तिचे पान आधी वाढावे. एकादशी-चतुर्थीस साबुदाण्यावर दिवस काढण्याचा आग्रह करू नये. गर्भिणीस व रुग्णास उपवासाची सूट आपल्या परंपरेनेच दिली आहे. डोहाळजेवणात पाच पक्वान्ने मांडून तिच्या पोटास न सोसणारा घास भरविण्यापेक्षा, तिला पचेल ते एकच पक्वान्न करावे. त्यात कौतुक उणे पडत नाही. आणि पतीने तपासणीच्या दिवशी सुटी काढून बरोबर जावे, डॉक्टर सांगतील ते स्वतः ऐकावे. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी २०१६ पासून होते. तिचाही लाभ घ्यावा.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की, त्यांत एक दिवसही थांबू नये. पाणीही ठरत नाही व लघवी कमी आणि गडद होते. शौचावाटे रक्त जाते. झोपेतून उठविणारे जुलाब होतात. ताप येतो व वजन घटते. डोळे पिवळे होतात. पुरळ नसता तळहात-तळपायांस खाज सुटते. किंवा पाचव्या महिन्यानंतर उजव्या बरगडीखाली जोराची कळ येऊन डोके दुखते व डोळ्यांपुढे अंधारी येते. या शेवटच्या लक्षणास 'पित्त झाले' म्हणून आले-लिंबावर वेळ घालविणे प्राणावर बेतू शकते. तो रक्तदाबाचा विकार असू शकतो.

संस्थेस आमची एक विनंती आहे. आपण वधूवर-सूचीचे काम अनेक वर्षे करीत आहात. पत्रिका, शिक्षण, उत्पन्न यांची चौकशी आपण मोकळेपणाने करतो. तितक्याच मोकळेपणाने दोन्ही बाजूंनी आरोग्याविषयी बोलावे, आणि औषधाने ताब्यात राहणाऱ्या दुखण्यामुळे मुलीस किंवा मुलास नाकारू नये, असा संकेत आपल्या ज्ञातीत रूढ व्हावा. कायदा तो करू शकणार नाही. पन्नास प्रतिष्ठित घरांनी ठरविले तर होऊ शकेल. महिला-शाखेने दर महिन्याच्या सभेत अर्धा तास गर्भवती भगिनींसाठी राखून ठेवावा, व तेथे त्यांनी आपले दुखणे नि:संकोच सांगावे. दवाखान्यात सोबतीस कोणी नसेल तिला सोबत द्यावी. यास फारसा पैसा लागत नाही. वेळ आणि आपुलकी लागते, व ती आपल्या भगिनींपाशी आहे.

दुखणे येणे हे कोणाच्याच हाती नाही. पण ते सांगता येईल असे घर करणे आपल्या हाती आहे; आणि ज्या घरात सून आपली गोळी सर्वांसमोर, जेवणाच्या पाटावर बसून घेऊ शकते, त्या घरात येणारे मूल अर्धे आरोग्य जन्मापूर्वीच मिळवून येते.